राणीचा काळा गळा

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात मी सौदीतल्या खमीस मुशैतला होतो. पुरुषांचे पायघोळ थोब शिवणारं दुकान, बॉम्बच्या भीतीने काचांवर चिकटपट्ट्या, डोक्यावरून दिवसभर लष्करी विमानं... आणि माझा जीव मात्र श्रीवर्धनला. माझी पहिली मुलगी पाच महिन्यांची झाली होती आणि मी तिला अजून पाहिलंही नव्हतं.

सुट्टी मागितली, तर कफील, म्हणजे माझा तिथला मालक, ज्याच्या ताब्यात माझा पासपोर्ट असायचा, म्हणाला, "आधी माझ्या मुलीचा लग्नाचा ड्रेस, मग सुट्टी." पॅरिसहून येणारा ड्रेस युद्धामुळे अडकला होता. गावातला लेडीज टेलर घाबरून लखनौला निघून गेला होता. अडला हरी... आणि गाढव मी!

नवरीच्या भावाने परदेशातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक कफीलने माझ्यासमोर ठेवलं. युरोपातल्या राजेराण्यांच्या आणि उमरावांच्या कपड्यांचा इतिहास, सगळा चित्रांचा. त्यातल्या एका फ्रेंच राणीसारखा ड्रेस हवा होता. मापाला नवरीचा एक जुना ड्रेस दिला, कारण शिंप्याने नवरीला पाहायची तिथे रीतच नाही.

इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण शिवण वाचता येते. सुरुवातीच्या पानांवर गळ्याभोवती ताटाएवढी झालर... जेवत कसे असतील कोण जाणे! पुढे बाह्या फुगल्या, मग पार उतरल्या. पुरुष तर उंच टाचा आणि रिबिनी लावून नटलेले. नंतर बायकांच्या घागऱ्यांना इतका घेर आला की दारातून आडवंच शिरावं लागेल.

आणि झालर गेल्यावर एक नवीच फॅशन सुरू झालेली दिसली. गळ्यापासून छातीपर्यंत आणि दंडावर काळं कापड. एकीच्या नाही, पानोपानी सगळ्या राण्यांच्या! चकाकत होतं, म्हणजे सॅटिनच असणार.

मी जीव ओतून शिवलं. फिकट निळा घागरा, आत घेरासाठी पाण्याच्या बारीक पाइपची कडी, आणि वर काळं सॅटिन.

लग्नाला तीन दिवस राहिले होते. सरकारी हॉस्पिटलमधल्या सांगलीच्या एक डॉक्टरबाई नवऱ्याची पँट आखूड करायला त्यांच्याबरोबर आल्या. टांगलेला ड्रेस बघून म्हणाल्या, "अहो मास्तर, लग्नाच्या ड्रेसला हे काळं काय लावलंत?"

मी पुस्तक पुढे केलं. त्या हसायलाच लागल्या. "अहो, हे कापड नाही! एअरपोर्टवर मार्कर फासलाय. उघडे गळे चालत नाहीत इथे."

त्यांनी पान ट्यूबलाइटसमोर धरलं. शाईखालून गोरे खांदे आणि मोत्यांची माळ पुसट दिसली... मनात आलं, आता मुलीचं तोंड कधी दिसणार?

उसवायला वेळच नव्हता. अर्ध्या तासात कफील दारात. "खलास? झाला ड्रेस?" मोडक्यातोडक्या अरबीत मी खरं ते सांगून टाकलं. त्याने ड्रेस उचलला, जीपमध्ये टाकला आणि निघून गेला. मी सुट्टीवर पाणी सोडलं.

लग्न झाल्यावर दोन दिवसांनी तो आला. खुर्चीवर बसला, चहा मागवला. म्हणाला, "ड्रेस बघून मुलगी आधी खूप रडली."

मी मान खाली घातली.

"पण माझ्या आईने तो हातात घेतला. हा फिरंगी ड्रेस घातलास तर लग्नाला येणार नाही, म्हणून ती नातीवर रुसून बसली होती. काळा गळा बघून म्हणाली, आमच्या लग्नातही अंगावर असंच काळं असायचं, वर पिवळं-सोनेरी भरतकाम." म्हातारी दोन दिवस त्या काळ्या सॅटिनवर सोनेरी दोऱ्याने भरत बसली म्हणे. आणि नवरी शेजारी बसून सुया ओवून देत होती... आजी लग्नात पहिल्या रांगेत होती.

मग त्याने खिशातून माझा पासपोर्ट काढला. आत एक्झिट-रीएंट्रीचा, म्हणजे घरी जाऊन परत यायच्या परवानगीचा शिक्का होता. "यल्ला, चल नीघ, मुलीला बघून ये."

ती नवरी मी कधी पाहिली नाही. तिच्या आजीलाही नाही. पण त्या दोघींनी मला माझी लेक दाखवली... देव त्यांचं भलं करो.