डब्यातली चौदा पापलेटं

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला काहीतरी छंद हवा, असं आमच्या घरात ठरलं. म्हणजे बायकोने ठरवलं. रविवारची अख्खी दुपार मी सोफ्यावर पडून असायचो आणि ते तिला बघवत नव्हतं. मग तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या डोंबिवलीच्या मेहुण्याने, मला खाडीत गळ टाकायला नेलं. त्या दिवशी गळाला लागलो तो मीच. मासे नंतरही फारसे लागले नाहीत.

होडी कोळीवाड्यातल्या एका काकांची. त्यांची बायको गेली वीस वर्षं वर्तकनगरला आमच्या दारात मासळी घेऊन येते. आम्ही तिला मावशी म्हणतो, आणि आमच्या घरात तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाची मासळी शिजत नाही. काका आठवडाभर खाडीत जाळं लावायचे आणि रविवारी आमच्यासारख्या हौशी लोकांना हिंडवून आणायचे. होडीत पाय ठेवण्याआधी ते तेच ते सांगायचे. खाण्यापुरतं धरायचं. बारकी मासळी जिवंत असतानाच परत सोडायची. त्यासाठी होडीच्या काठावर रंगाने खुणा मारून ठेवलेल्या, मासा खुणेपर्यंत पोचला नाही तर पाण्यात. आणि तिसरं, "होडीत काय आनताय ते मना दाखवून आनायचं." हे तिसरं मी दर वेळी मान डोलावून ऐकायचो आणि विसरायचो. हौसेने गळ टाकणाऱ्याला कसले आलेत नियम, असं मला वाटायचं. परीक्षा नाही, फी नाही, गणवेश नाही.

आता माझी अडचण सांगतो. तीन महिन्यांत मी घरी एकच मासा आणला होता, मिशाळ शिंगाळा, तोही मेहुण्याने दया येऊन दिलेला. मेहुण्याने कुटुंबाच्या ग्रुपवर त्या शिंगाळ्याचा फोटो टाकला, शेजारी मी, आणि खाली लिहिलं, 'दोघांपैकी भावजी कोण ते ओळखा.' सासूबाईंनीसुद्धा हसणारा चेहरा पाठवला. त्यांना तो पाठवता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून त्या शनिवारी कल्याणला कामाला गेलो असताना मी बाजारात शिरलो. मावशीकडून घेणं शक्यच नव्हतं, सोमवारी तिनेच बायकोला सांगितलं असतं. एका पाटीवर छोट्या पापलेटांचा वाटा लावला होता. मोठी पापलेटंही होती, पण मी विचार केला, मोठं कोणाला खरं वाटणार? खोटं बोलताना माणसाने थोडा विनय बाळगावा. चौदा पापलेटं घेतली, निळ्या डब्यात बर्फावर ठेवली आणि डबा रात्रभर गाडीच्या डिकीत. बेत साधा होता. परत किनाऱ्याला लागताना मासे बादलीत सरकवायचे आणि घरी बादली न्यायची.

सकाळी होडीत चढताना काकांनी विचारलं, "डब्यात काय?"

"पाणी, सरबत," मी म्हणालो.

काकांनी उघडून बघितलं नाही. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचा डबा काय उघडायचा.

दहाच्या सुमाराला बादलीत मेहुण्याने धरलेले दोन मासे, बोयी, होते आणि माझ्याकडे नेहमीसारखा उन्हाने लाल झालेला चेहरा. तेवढ्यात मत्स्य खात्याची गस्तीची बोट बाजूला येऊन लागली. बोटीवर एक मॅडम होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, डोक्यावर टोपी, हातात स्टीलची पट्टी. त्यांच्याबरोबर वही घेतलेला एक कर्मचारी. काकांनी परवान्याचं प्लास्टिकचं पाकीट पुढे केलं, बादली दाखवली. मॅडमनी बोयी मोजल्या आणि निघता निघता विचारलं, "त्या निळ्या डब्यात?"

"पाव्हण्यांचं सरबत हाय," काका म्हणाले.

मी काही बोललो नाही. आजही मला सगळ्यात जास्त हादरवतं ते हेच. तोंड उघडायला तिथे वेळ होता. चांगला दोन श्वासांइतका.

कर्मचाऱ्याने झाकण काढलं. चौदा पापलेटं बर्फावर ओळीने, मीच हौसेने मांडलेली. मॅडमनी एक उचलून पट्टीवर ठेवलं. पट्टी बरीच उरली, मासा आधीच संपला. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. मेहुणा गळ हातात धरून तसाच उभा. काकांनी मासे बघितलेच नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"काका, एवढी लहान पापलेटं धरायला बंदी आहे हे तुम्हाला मी सांगायला हवं का?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते होडीचे मासे नाहीत, माझे आहेत," मी म्हणालो. आवाज कुठून आला कोण जाणे.

"होडी कोणाची?"

"काकांची."

"मासे कुठे आहेत?"

"होडीत."

"मग झालं."

मला वाटत होतं, मासा विकत घेतला की तो भाजीसारखा. पिशवीत कोथिंबीर नेली म्हणून बसवाल्याला कोणी धरत नाही. मॅडमनी शांतपणे समजावलं. मोठ्या बोटींनी समुद्रात धरलेली बारकी मासळी अशाच लहान होड्यांतून गुपचूप किनाऱ्याला येते, आणि विचारलं की प्रत्येक जण पाहुण्यांचं म्हणतो. मासा कोणी धरला ते पाण्यावर शोधता येत नाही, म्हणून होडीत जे सापडलं ते होडीचं. परवाना आता त्या घेऊन जाणार, सुनावणी होईपर्यंत काकांनी जाळं लावायचं नाही. खुलासा पटला तर मिळेल परत.

"आणि नाही पटला तर?" मेहुण्याने विचारलं.

मॅडमनी पाकिटासाठी हात पुढे केला. काकांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि मोकळा झालेला हात कुठे ठेवावा ते न कळून वल्ह्यावर ठेवला.

मी फळीवर बसलो. चौदा मासे, आणि त्यांच्यासाठी या माणसाचा उद्याचा, परवाचा, कोण जाणे कुठवरचा दिवस. मी म्हणालो, "मॅडम, माझा जबाब घ्या. मासे मी काल कल्याणच्या बाजारातून घेतले. काकांना मी सरबत सांगितलं."

"बिल आहे?"

"वाट्याचं बिल कोण देतं?"

"बाजारातून घेतलेले मासे खाडीत कशाला आणले?"

कर्मचारी पेन धरून थांबला. मेहुणाही थांबला. मी म्हणालो, "घरी नेऊन सांगणार होतो, मी गळाने धरले म्हणून."

मॅडमनी पट्टी खाली ठेवून विचारलं, "पापलेट? गळाने? खाडीत?"

"लागत नाही का?"

"मॅडम, यांचं खरं हाय," काका म्हणाले. "पापलेट गळाला लागत नाय, हे कोनाला माहीत नसतं? यांना नाय माहीत." माझ्या बाजूने त्या दिवशी बोललेलं हे एकच वाक्य. मग माझ्याकडे वळून हळूच, "कल्यानवरनं आनलीत?"

होडी परत येईपर्यंत ते एवढंच बोलले. मासे खात्याने जप्त केले. मेहुण्याने ग्रुपवर काहीही टाकलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

सुनावणी आठ दिवसांनी होती. ते आठ दिवस काकांची होडी दोरखंडाला बांधलेली होती. मावशी आमच्या दारात येत राहिली, पण पाटीत दुसऱ्यांकडून घेतलेली मासळी असायची. बायको म्हणाली, "मावशी, आज ताजी नाही वाटत." मावशी म्हणाली, "होडी दुरुस्तीला हाय, बाय." मी पेपरात तोंड घालून बसलो होतो. काकांनी घरी सांगितलं होतं की नव्हतं, मला कळेना. विचारायची हिंमतही होईना.

सुनावणीला मी रजा टाकून गेलो. जबाब स्वतःच्या हाताने परत लिहून काढला, 'घरच्यांसमोर शान मारण्याच्या हेतूने' हे शब्दसुद्धा. समोरच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी तोंडावर रुमाल धरला. दंड माझ्या नावावर झाला आणि परवाना काकांना परत मिळाला, मात्र होडीच्या कागदावर एक लेखी समज कायमची लागली. काकांनी ती बोटाने चाचपून बघितली. "आमच्या बापापासून या कागदावर काय नव्हतं," एवढंच म्हणाले.

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, पण 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. रिक्षात माझ्या शेजारी बसले. कोळीवाड्याच्या वळणावर उतरताना त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंत?"

"नाही."

"आज सांगा. आठ दिवस आमची बाय तुमच्या दारात खोटं बोलते, मी सांगितलं म्हनून. उद्यापासून नाय बोलनार."

म्हणजे मावशीला सगळं माहीत होतं. तरी ती रोज आली होती, माझ्यासमोर पाटी उतरवून बसली होती.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. कल्याण, डबा, सरबत, मॅडम, परवाना, सगळं. हसेल म्हणून मी तयारीत होतो. ती हसली नाही.

"केवढी होती पापलेटं?" तिने विचारलं.

मी तळहात पुढे केला आणि बोटांच्या दुसऱ्या पेरावर खूण केली. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग उठली, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चल. मावशीकडे जायचंय. आणि बोलायचं तू."