भांबुर्ड्याची पिशवी

माणसं दिसली की त्यांना सूचना देत सुटायची मला खोड आहे. अंगणवाडीत इतकी वर्षं काढल्यावर ती लागतेच. आमच्या रामवाडीच्या बचत गटाची सहल शहरातली मोठी वनस्पतींची बाग बघायला निघाली, तेव्हा पेणहून बस सुटल्या सुटल्या मी उभी राहिले आणि बावीस बायकांना भाषण दिलं. पान तोडायचं नाही. फूल तोडायचं नाही. हिरवळीवर पाय द्यायचा नाही. शेंगदाण्याची टरफलं आपापल्या पिशवीत. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, बाई, श्वास घेतला तर चालेल ना? सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण सगळे नियम पुन्हा एकदा सांगितलेच. शहराचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं शेवटी सरळ वागली, उगाच त्यांच्या बागेला कशाला नावं ठेवा.

त्या बसमध्ये तेविसावी होती माझी आई. तिला मीच हट्टानं आणलं होतं. माझं माहेर रोह्याच्या बाजूला, कोलाडवरून आत गेलं की नदीकाठी वीसेक घरांची वाडी आहे, तिथलं. आई आदल्या दिवशी एसटीनं आली, वडखळच्या नाक्यावर तासभर अडकली आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली की यवढ्या वेळात मी चालत आले असते. सत्तरी उलटली तरी बोलणं असं. सकाळी ती हिरवं नऊवारी नेसून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून बसमध्ये खिडकीशी बसली. रामवाडीच्या बायका तशा चांगल्या, पण त्यांच्यात मास्तरणी आहेत, बँकेतल्या आहेत, एकीचा नवरा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यांच्यात आई कशी दिसेल, काय बोलेल, ह्याची मला धाकधूक होती. खोटं कशाला बोलू? होती.

आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी केली. भाताची लावणी, कापणी, मग त्याच ओलीवर वाल. तिला अक्षर येत नाही, पण तिची एक सवय सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. विचारल्याशिवाय ती कुणाच्या बांधावरचं वाळकं पानसुद्धा उचलत नाही. मी सहा-सात वर्षांची असताना वालाच्या दोन शेंगा परकरात लपवून घरी आणल्या. आईनं त्याच पावली मला मालकाच्या दारात नेऊन उभं केलं आणि शेंगा परत द्यायला लावल्या. मालकीण हसली, अगो राहू दे, पोर आहे. आई हसली नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. पुढं कळलं की त्या गावात खळ्यावर धान्य उघडं टाकून मालक जेवायला जायचे, ते माझी आई तिथं असली तरच. कामाला पहिलं बोलावणं तिला यायचं. हातावर पोट असलेल्या बाईजवळ दुसरं असतं तरी काय?

बाग मात्र खरंच मोठी. काचेचं घर, त्यात नेचे आणि ऑर्किड, पलीकडे परातीएवढ्या पानांची कमळं असलेलं तळं, सातासमुद्रापारचे ताड-माड. प्रत्येक झाडाला पाटी, पाटीवर नाव, खाली ते लॅटिन का काय ते. आई प्रत्येक पाटीशी थांबायची आणि मला म्हणायची, वाच. मी अडखळत वाचायची. ती ऐकून घ्यायची, मग झाडाच्या सालीवर हात फिरवायची. एका झाडाला सिमेंटचा गोल पार बांधलेला, भोवती साखळी. मी पाटी वाचायच्या आधीच आई म्हणाली, हा तर ऐन, ह्याला कशाला बांधून घातलाय? पाटीवर खालच्या ओळीत मराठीत ऐनच लिहिलं होतं. मग कुडा, किंजळ, शिवण, कुंभा, एकामागून एक तिनं लांबूनच ओळखली. कशाची साल कशावर चालते, कुठलं लाकूड नांगराला आणि कुठलं नुसतं चुलीला, सगळं सांगत सुटली. बँकेतल्या बाई मोबाइलवर ते भरून घ्यायला लागल्या. मास्तरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अहो, तुमच्या आई म्हणजे चालतं पुस्तक आहे. माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू. सकाळची धाकधूक कुठल्या कुठं पळाली.

तळ्याशी फोटो काढायचा घाट घातला तेव्हा तासभर तरी गेला. बायकांना एका चौकटीत बसवणं म्हणजे काय ते मलाच माहीत. आई म्हणाली मला फोटो नको, मी जरा फिरते. मी बरं म्हटलं. नंतर वडापाव, चहा, सगळ्यांची शौचालयाची रांग, आणि चार वाजता आम्ही फाटकाकडे निघालो. बस बाहेर उभी होती.

फाटकावर पहारेकरी होता. पिकल्या मिशांचा, निवृत्तीला आलेला, खाकी कपड्यांतला माणूस. त्यानं आईला थांबवलं आणि पिशवी दाखवा म्हणाला. तेव्हा माझं लक्ष गेलं. सकाळी चपटी असलेली पिशवी आता टम्म फुगली होती आणि वरून हिरवा पाला डोकावत होता. मला लांबूनच वास आला. भांबुर्डा.

आमच्याकडे थंडीत शेतात हे तण माजतं. त्याच्याशिवाय शेंगांची पोपटी होत नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाल्यानं तोंड घट्ट बंद, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, सगळी चव त्या पाल्याची. आता कोलाडपासून पेणपर्यंत शेतांवर भराव पडले, राहिलेल्या शेतांत तणनाशक मारतात, त्यामुळे पाल्याला लांब जावं लागतं. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात पोपटी लावायची हे आईनं येतानाच ठरवलं होतं, वाल ती घेऊनच आली होती. हे सगळं मला एका क्षणात कळलं. पहारेकऱ्याला त्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं मूठभर पाला बाहेर ओढला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. रोज बघतो म्हणाला, पदराखाली, डब्यात, लेकरांच्या दप्तरात घालून झाडं नेतात, आणि ह्याला चोरीच म्हणतात मावशी, दुसरं काही नाही.

मागं बावीस बायका उभ्या. सकाळी ज्यांना मी पान तोडायचं नाही म्हणून बजावलं होतं त्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? आई तोंड उघडायच्या आत पुढं झाले आणि हात जोडून पहारेकऱ्याला म्हणाले, "चूक झाली दादा, माफ करा. आमच्या आईला कळत नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं बघितलं, आणि मग हळू आवाजात विचारलं, "तू बघितलंस गो मला तोडताना?"

पहारेकरी समजुतीनं म्हणाला की जाऊ द्या, पाला इथं ठेवा आणि निघा, मी काही पुढं कळवत नाही. मी लगेच हो म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला होता. आईनं पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली, त्याच्या खोलीच्या पायरीवर बसली आणि पदर सारखा केला. ती म्हणाली की पाला ठेवते, पण हा मला चोर म्हणाला, तो शब्द खाली ठेवल्याबगार मी नाय उठनार. तिनं काही तोडलं नव्हतं. तळ्याच्या मागं एक बाई निंदणी करत होती, तिनं उपटून टाकलेल्या ढिगातला पाला होता, आणि घेऊ का म्हणून आईनं तिला विचारलं होतं. पिवळी साडी, वर पुरुषी शर्ट, हातात खुरपं. तिला बोलवा आणि विचारा.

पहारेकरी म्हणाला मला फाटक सोडून जाता येत नाही. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अंधाराच्या आत पेण गाठायचं म्हणून मीच त्याला चारची वेळ दिली होती. बायकांत कुजबुज सुरू झाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती आईवरच. एवढ्याशा पाल्यासाठी कशाला अडून बसायचं? मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, चल ना आई, इथं आपल्याला कोण ओळखतं. ती म्हणाली, "तू वळखतेस ना?"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी वळले आणि आत चालायला लागले, मग चक्क पळायला लागले. पन्नाशीची बाई, चपला हातात घेऊन, त्या शोभेच्या ताडांच्या मधून. पळता पळता मला माझीच लाज वाटत होती. जिच्या भरवशावर लोक धान्याची रास उघडी टाकून जेवायला गेले, तिच्यावर तिच्या लेकीनं एका परक्या माणसासमोर विश्वास ठेवला नाही. त्यानं निदान पिशवी उघडून बघितली तरी होती. मी तर काही विचारलंसुद्धा नाही, सरळ गुन्हा कबूल करून मोकळी झाले. आणि वरून कळत नाही म्हणाले. कुणाला? जिनं सकाळपासून पाटी न वाचता अर्धी बाग ओळखून दाखवली तिला.

तळ्यामागं कुणी नव्हतं. एका माळ्यानं सांगितलं की निंदणीच्या बाया काचघराच्या मागं गेल्या. तिथं चौघीजणी वाकून काम करत होत्या, त्यांतल्या एकीच्या अंगावर पिवळी साडी आणि पुरुषी शर्ट. मी धापा टाकत कसंबसं सांगितलं. ती उभी राहिली, म्हणाली, व्हय, हिरव्या लुगड्याची आजी ना, मला म्हणली बाय, तुझा ढीग हाय, घेऊ का थोडा. इथं मला कुणी काय इचारत नाही, त्या आजीनं इचारलं. खुरपं तिथंच टाकून ती माझ्याबरोबर निघाली. मुकादमाला सांगायला पण थांबली नाही.

आम्ही फाटकावर आलो तर आई तशीच पायरीवर, आणि मास्तरीणबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसलेल्या. बाकीच्याही सगळ्या तिथंच. एकही बसमध्ये गेली नव्हती. पिवळ्या साडीवाली पहारेकऱ्याला म्हणाली, मीच उपटलंय, मीच दिलंय, तण हाय ते, आमी रोज त्याचा ढीग जाळतो. पहारेकऱ्यानं पाल्याचा वास घेतला, तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग उठून उभा राहिला, पिशवी दोन्ही हातांनी उचलून आईपुढं धरली आणि म्हणाला, चोरी म्हणालो ते चुकलं माझं मावशी, घेऊन जा.

आईनं त्याला नमस्कार केला. पिशवी मात्र घेतली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यानं त्याचं सांगितलं. आता तू तुझं सांग."

मला कळलं ती काय म्हणते ते. बावीस बायका, तो पहारेकरी, ती निंदणीवाली, फाटकातून आत येणारी चार परकी माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती. बचत गटाची अध्यक्ष म्हणून भाषणं मी पुष्कळ केली आहेत, स्वतःची चूक कबूल करणारं एकही नाही. पण आई वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काडीची शंका नव्हती. मी पहारेकऱ्यासमोर उभी राहिले.

"मगाशी मी तुमची माफी मागितली," मी म्हणाले, "ती मी परत घेते. माझ्या आईनं आयुष्यात कधी कुणाचं न विचारता घेतलेलं नाही. तिला सगळं कळतं. कळलं नाही ते मला."

मग आईनं पिशवी घेतली आणि खांद्याला लावली.