नोलीनने मिळवलेली तारीख

आमच्या आणि ट्रँटरांच्या परसात एकच तारेचं कुंपण. त्यांची भांडणं मी चोरून ऐकत नसे, ती आपणहून माझ्याकडे यायची. धुणं वाळत घालताना कानावर आलेलं एक अजून आठवतं.

“या वयात कोण बघणार आहे तुला?” क्लॅरी ट्रँटर बायकोला, नोलीनला, म्हणाला.

“मी बघते ना! तुझी कवळी बसवली, तेव्हा मी विचारलं होतं का कोण बघणार?”

 क्लॅरी कवळी सावरत आत गेला.

नोलीनचा डावा स्तन कॅन्सरपायी काढला होता. तिला तो पुन्हा हवा होता. पोटाची कातडी आणि चरबी घेऊन करतात, तसा. तोवर पोपटाची बाजरी मोज्यात भरून ती आत खोचायची. एका उन्हाळ्यात घामाने बाजरीला कोंब आले. “पीक बरं आलंय,” म्हणत तिने मोजा कोंबड्यांपुढे झटकला.

तिचा जीव हिरवळीवरच्या बोल्सच्या खेळात. गोळा घरंगळवत पांढऱ्या गोळीजवळ न्यायचा; पण आमचे गोळे मुळात एका बाजूला जड, सरळ टाकले तरी वळतात. “गोळा वाकडा, मीही वाकडी. नेम धरू कशी?” म्हणायची.

शस्त्रक्रिया सिडनीला व्हायची, आमच्या बुलाडीन गावापासून दिवसभराच्या वाटेवर. इस्पितळातून फोन येई, “जागा रिकामी झालीय, उद्या सकाळी या.” ती पोचेपर्यंत जागा दुसरीला गेलेली, आणि हिचं नाव पुन्हा रांगेच्या तळाशी. असं दोनदा झालं.

मग आमची बोल्सची टोळी सिडनीला सामन्याला गेली. दुसऱ्या दिवशी नोलीन म्हणाली, “खेळाच्या पांढऱ्या कपड्यांतच चला गं, टोप्यांसकट.” जाऊन बसलो इस्पितळात. लोकांना वाटलं, आम्ही नर्सा. एकाने प्लास्टरचा पाय माझ्यापुढे केला, “सिस्टर, हे कधी काढणार?”

“डॉक्टरांना येऊ दे,” मी म्हटलं. काय सांगणार?

दुपारपर्यंत एवढा गोंधळ माजला की मोठे डॉक्टरच बाहेर आले. “आजी, काय चाललंय हे?”

“आजी तुमच्या घरी. मी लवकर करा म्हणत नाही. ठरलेली तारीख द्या. मेंढ्या कातरणारेसुद्धा आधी तारीख सांगून येतात.”

डॉक्टरांनी नोंदणीच्या टेबलामागच्या मुलीकडे पाहिलं. “लांबच्यांनाही आपण आदल्या दिवशी कळवतो?” मुलगी मान खाली घालून हो म्हणाली. नोलीनला तिथेच तारीख मिळाली, आणि पुढे आमच्या भागातल्या सगळ्याच बायकांना आधी तारीख मिळू लागली.

बरी होऊन ती पहिल्यांदा खेळली, तेव्हा तिचा गोळा वळत वळत पांढऱ्या गोळीला जाऊन चिकटला. कपडे बदलायच्या खोलीत तिने पुकारलं, “बघायचंय कुणाला?” आम्ही रांगच लावली. दाराबाहेरून क्लॅरी ओरडला, “मलाही रांगेत उभं राहावं लागेल का?”

“या वयात?” नोलीन म्हणाली. काय हसलो!

पुढे कुणाचीही तारीख आली की गाडी नोलीनची. गेल्या शरदात ती झोपेतच गेली; त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने आमच्या टोळीतल्या बेरिलला ऑपरेशननंतर सिडनीहून घरी आणलं. तिची पिशवी ओट्यावर ठेवली. “खोकताना उशी धर छातीशी,” बजावलं. वाटेतलं मेंढ्यांचं फाटक येताना बंद होतं, म्हणून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जाताना उतरून पुन्हा बंद केलं, आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून कुंपणापाशी उभ्या असलेल्या मला राम राम करत घरी गेली.