ज्येष्ठमधाची काडी

माझ्या नवऱ्याचा आवाज मला नवऱ्याच्या आधी भेटला. जयंतीला पिंपळगाव राजाला मावशीकडे गेले होते. गर्दीच्या मागे बायकांत बसले होते, आणि पुढे कोणीतरी काळी चारच्या उंच पट्टीत भीमगीत उचललं. गाणाऱ्याचं तोंड काही दिसलं नाही. पुढे मावशीने स्थळ सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "तो गाणाराच ना?" रंगरूप, शेती, नोकरी, कशाचीच चौकशी केली नाही. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या गालात कायम ज्येष्ठमधाची काडी असायची. गायन पार्टीतल्या सगळ्यांनाच ती सवय, पण ह्यांची जरा जास्तच. बोलतानाही काडी या गालातून त्या गालात जायची. आसपासच्या गावांना हे ठाऊक होतं, म्हणून कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला येणारा माणूस नारळासोबत ज्येष्ठमधाची पुडी घेऊन यायचा. आमच्या घरात साखर संपायची, चहा संपायचा, ज्येष्ठमध कधी संपला नाही.

नोकरीतून रिटायर झाल्यावर ह्यांचा रियाझ वाढला आणि काडी दिवसभर तोंडात राहू लागली. त्याच सुमारास बीपी निघालं. खामगावच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग दुसरी, मग लघवी जास्त होणारी तिसरी. बीपी जागचं हलेना. मी पापड बंद केले, लोणच्याची बरणी बहिणीकडे पाठवून दिली, भाजीत मीठ इतकं कमी केलं की जेवायला आलेला पाहुणा पुन्हा येईना. तरी तेच. उलट ह्यांच्या पायांत गोळे यायचे, बाजेवरून उठताना हात टेकावे लागायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गोळ्या नक्की घेतात ना?" माझं डोकंच फिरलं. गोळी पोटात जाईपर्यंत मी समोर उभी असते, हे मी त्यांना जरा मोठ्यानेच सांगितलं.

शेवटी त्यांनीच आम्हाला अकोल्याला पाठवलं. तिथली डॉक्टरीण आमच्या मुलीच्या वयाची. तिने ह्यांना आधी पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसवलं, आणि मग दोन्ही हातांचं बीपी घेतलं. रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाली, पोटॅशियम फार कमी झालंय. लघवीच्या गोळीने होतं, पण एवढं नाही.

"दुसरं काही औषध घेता का? काढा, चूर्ण?"

"नाई मॅडम. मले औषधाचा कंटाळाच हाये," हे म्हणाले.

"मग तोंडात काय आहे?"

"हे कुठचं औषध? ज्येष्ठमध हाये, गळ्यासाठी." आणि खिशातून एक काडी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. घरी आलेल्या पाहुण्यालाही हे अशीच काडी देत.

ती हसली, पण काडी घेतली नाही. तिने नीट समजावलं. कधीमधी थोडासा ज्येष्ठमध ठीक, पण रोज असा चघळला की अंगात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम निघून जातं, मग बीपीच्या गोळ्यांचं काही चालत नाही. गोळ्या सुरू ठेवायच्या, काडी आजपासून बंद. मी तिथल्या तिथे ह्यांचा खिसा रिकामा केला. इतक्या दिवसांनी चोर सापडला होता, मी खुशीत होते.

"अन् मंग गाऊ कसा?" परतताना एसटीत हे एवढंच बोलले.

"गरम पाण्यानं गुळण्या करा. साऱ्या जगातले गाणारे काय काडी चावूनच गाऊन राह्यले?"

काही आठवड्यांत बीपी उतरलं. एक गोळी डॉक्टरांनी कमी केली, दोन राहिल्या. पायांतले गोळे गेले, हे बाजेवरून सरळ उठू लागले, मळ्यापर्यंत फिरून येऊ लागले. आणि गाणं थांबलं. सुरुवातीला पेटी घेऊन बसायचे. वरच्या सुरापाशी आले की खाकरायचे आणि भाता बंद करायचे. "गळा कोरडा पडून राह्यला," म्हणायचे. गळा तपासून घेतला, त्यात काही दोष निघाला नाही. वय झालं असेल, की काडीशिवाय स्वतःवर भरवसा राहिला नसेल, मला कळत नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात माइक पुढे आला, तो ह्यांनी शेजारच्याच्या हातात दिला.

मला ह्यांचा जीव हवा होता, तो मिळाला. पण मला तो आवाजही हवा आहे. माणूस समोर बसून भाकर खातो आणि मला त्याचीच आठवण येते. हे कोणाला सांगावं? बाईला सुख टोचतंय म्हणतील.

परवा सकाळी घरच्या बीपी मशीनवर आकडा कधी नव्हे इतका छान आला. ह्यांच्या दंडाचा पट्टा सोडता सोडता मी ह्यांचंच एक गाणं म्हणायला लागले. माझा गळा कसा आहे ते मला माहीत आहे. तरी दुसरी ओळ मुद्दाम आणखी वाकडी ओढली, कारण बेसूर ह्यांना खपत नाही. भर कार्यक्रमात कोरस थांबवून ह्यांनी माणसांना झापलंय. मी चुलीपाशी गुणगुणले तरी हे ओसरीतून बरोबर सूर लावून दाखवायचे. वाटलं, आता ह्यांना राहवणार नाही.

मी सगळं गाणं तसंच म्हटलं. हे शांतपणे ऐकत राहिले. मग बाही खाली केली.

"चांगलं म्हटलं तू," म्हणाले.

मी मशीन उचलून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.