डीकमानांच्या शेतावरचा टायखमान

जर्मनीतल्या आमच्या मुन्स्टरलांडात आडनाव माणसाचं नसतं, शेताचं असतं. घरजावई होऊन जो शेतावर येतो, तो त्या शेताचं नाव लावतो. माझे आजोबाही असेच आले आणि जन्माचं नाव मुकाट्याने टाकून बसले. पुढे सरकारने कागदावर ज्याचं नाव त्याला परत दिलं, पण आमचं गाव कागदाला कधी भीक घालत नाही.

आल्विन टायखमान युद्धानंतर दूर पूर्वेकडच्या सायलेशियातून एका पिशवीनिशी निर्वासित म्हणून आला. डीकमानांच्या शेतावर राबला आणि तिथल्या एकुलत्या एका मुलीशी, गेझीनेशी, त्याचं लग्न झालं. दुसऱ्याच सकाळी तो गावच्या डेअरीवर दूध घालायला आला, तर सगळ्यांनी "या, डीकमान!" म्हणून स्वागत केलं.

"मी टायखमान," तो म्हणाला.

"अरे, फरक काय पडतो?" मी समजूत घातली. "तुमच्याकडे टायख म्हणजे तळं, आमच्या बोलीत डीक म्हणजे तळं. तळ्याकाठचा तो तळ्याकाठचाच."

"माझी बहीण मला डीकमान म्हणून शोधणार आहे का?"

त्याची धाकटी बहीण झेल्मा निर्वासितांच्या पळापळीत हरवली होती. घरचं दुसरं कोणी उरलं नव्हतं. काही वर्षं तो प्रत्येकाला दुरुस्त करत राहिला, मग थकला. हाक मारली की निमूट ओ द्यायचा. मला त्याची फार दया यायची, पण मीही त्याला डीकमानच म्हणायचो. दुसरं काही तोंडात बसतच नव्हतं.

एका रविवारी हिन्नर्कच्या खानावळीत आमचा पत्त्यांचा डाव रंगला होता. बिअर ठेवता ठेवता हिन्नर्क म्हणाला, "सकाळी एक बाई आलेली. बोलण्यावरून सायलेशियाची. कुणा टायखमानला विचारत होती. म्हटलं, बाई, या गावात असला कोणी नाही. दुपारच्या गाडीने जाते म्हणाली."

आल्विनने हातातले पत्ते खाली ठेवले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हिन्नर्क, टायखमान मी आहे."

"तू? तू तर डीकमान!" हिन्नर्क खरंच गोंधळला होता. आल्विनच्या लग्नात पोटभर जेवलेला माणूस.

"गाढवा, नंतर बोलू," मी म्हणालो आणि आल्विनला मोटरसायकलवर मागे बसवलं.

आम्ही फलाटावर शिरलो तेव्हा गाडी येऊन उभी होती. एक किडकिडीत बाई डब्याच्या पायरीवर पाय ठेवत होती.

"झेल्मा!"

तिने वळून पाहिलं. ताटातूट झाली तेव्हा तिचा भाऊ काटकुळा पोरगा होता. समोर हा रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला शेतकरी. ती गोंधळली. तेवढ्यात आमच्या ओळखीचा गार्ड खेकसला, "डीकमान, मागे सर! गाडी सुटतेय!"

ते नाव ऐकून तिचा चेहरा पडला. ती पुन्हा पायरीकडे वळली.

"मी डीकमान नाही," आल्विन गार्डला म्हणाला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "मी आल्विन टायखमान."

"हे कधीपासून?" गार्ड हसला.

"जन्मल्यापासून."

झेल्माने पायरीवरचा पाय खाली घेतला.