बदलीची धून

इकानागोचे बारीक मासे एकदा सोया, साखर आणि आल्यात शिजायला टाकले की त्यांना चमचा लावायचा नसतो. लावला की मोडतात. कोबेतल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही, आणि कियोए इसोबे तर पंचेचाळीस वर्षं दर मार्चमध्ये हे मासे शिजवून नातेवाइकांना, शेजाऱ्यांना डबे पाठवत आली होती. तरी त्या रविवारी सकाळी तिनं पातेल्यात चमचा घातला आणि चांगला तीनदा फिरवला. पातेल्यात भुगा झाला.

"आज खिमा आहे का?" मोरीपाशी उभ्या असलेल्या शिगेओनं विचारलं. तो डावा हात कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून उभा होता.

"तुम्ही तुमचं बोट बघा."

"बोट बरं आहे."

बोट बरं नव्हतं. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या हाताचं तिसरं बोट मध्येच वाकून अडकायचं आणि उजव्या हातानं ओढून सरळ करावं लागायचं. ओढताना आत काहीतरी टक् करायचं. तो आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतो, अशी कियोएची खात्री होती. दहा दिवसांनी शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टर सरळ बोलले होते: वय शहात्तर, बोट मोकळं होईल, चॉपस्टिक धरता येतील; गिटारचं मी सांगू शकत नाही.

म्हणून आजचा कार्यक्रम. शिनकाइचीतल्या 'चिदोरी' कॉफीगृहात, दुपारी दोन वाजता, चाळीस खुर्च्या. शिगेओनं आयुष्यभर जे जे वाजवलं त्यातलं थोडं थोडं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्याचं चित्रण. चित्रण करणार होती चिनात्सु, त्यांच्या मुलीची शाळेतली मैत्रीण. एरवी ती लग्नं आणि शाळांचे क्रीडादिन टिपायची.

चित्रणाचा हट्ट कियोएचा होता. शिगेओ नको म्हणत होता. मग शेवटी त्यानं अट घातली. एकदाच वाजवेन, थांबणार नाही, मागाहून जोडकाम करायचं नाही. आणि बोटाचं कुणाला सांगायचं नाही. चिनात्सुलाही नाही.

"पण ती कॅमेरा हातावरच लावेल हो. लग्नात अंगठीवर लावते तसा."

"लावू दे. चार बोटांचं काम तीन बोटांत बसवलंय मी. चिनात्सुला काय कळतंय?"

हे मात्र खरं होतं. सहा महिने तो सगळ्या धुना तीन बोटांत बसवत होता. रोज एकच ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच. कियोए शेजारच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करत बसायची आणि शिलाई यंत्राच्या घरघरीतूनही तिला कळायचं, कुठं चौथं बोट पडायला हवं होतं आणि पडलं नाही.

तिला हे चित्रण का हवं होतं, हे तिनं कुणाला नीट सांगितलं नव्हतं. तिचं लग्न झालं तेव्हा शिगेओ बंदराजवळच्या एका मोठ्या कॅबरेमध्ये वाजवायचा. त्याआधी परदेशी खलाशांच्या क्लबात. नंतर गायकांच्या मागे बसून गावोगाव, मग हॉटेलच्या लाउंजमध्ये, कोबेच्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षं कुठंच नाही, आणि मग मुलांच्या शिकवण्या. एवढं सगळं वाजवून घरात त्याची खूण म्हणून काय होतं? एक फोटो. त्यातही त्याच्या तोंडासमोर गायिकेचा पंखा आलेला. कियोएची थोरली बहीण नवीन वर्षाच्या जेवणाला दरवेळी न चुकता विचारायची, "मग, भावजींची तबकडी कधी निघतेय?" बहीण आता नव्वदीला टेकली होती आणि सगळं विसरली होती, हा प्रश्न सोडून.

कियोए स्वतः कॅबरेत कधी गेली नव्हती. बायका नवऱ्यांच्या कामावर जात नसत. संध्याकाळी पाचला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माणूस बाहेर पडायचा आणि सिगरेटच्या वासाचा शर्ट परत यायचा. मधल्या वेळात तो काय करायचा, हे तिनं कानांनी ऐकलेलं नव्हतं. आता ते बोट मिटायच्या आत एकदा, पूर्ण, त्याच्या नावानं कुठंतरी राहावं. बस्स.

भुगा झालेले मासे तिनं घरात ठेवले आणि न मोडलेल्या दुसऱ्या घाण्याचे डबे पिशवीत भरले.

*

चिदोरीच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता निळा पडदा होता. कियोएनं तिथंच उभं राहायचं ठरवलं. खुर्चीत बसणं तिला जमलं नसतं. तिनं आधी सगळे कप पुसले. मग पुसलेले कप परत पुसले.

"काकू, बाहेर या ना, पहिल्या रांगेत जागा ठेवलीय," चिनात्सु तीन पायांचा स्टँड उचलून नेताना म्हणाली.

"नको. चिनात्सु, तू तो कॅमेरा जरा चेहऱ्यावर ठेव हं. हे वाजवताना चेहरा छान करतात."

"काका? चेहरा?" चिनात्सु हसली. "काकू, काकांचा चेहरा वाजवताना बस थांब्यावर उभं राहिल्यासारखा असतो. मी हातच घेणार."

पडद्याच्या फटीतून कियोएनं लोक पाहिले. शिकवणीतली मुलं, आता केस पिकलेली. शेजारचा मासळीवाला. आणि डाव्या बाजूला, भिंतीलगतच्या पहिल्या खुर्चीत, मांडीवर मिठाईचा खोका घेऊन कुराता.

तिनं पडदा पटकन ओढून घेतला. कुराता त्याच कॅबरेतल्या दुसऱ्या वाद्यवृंदाचा गिटारवाला. तिथं दोन वृंद असत. एक चाळीस मिनिटं वाजवायचा, मग दुसरा. गिऱ्हाइकांचा नाच मात्र क्षणभरही थांबता कामा नये, असा मालकाचा नियम. म्हणून बदलीची एक ठरलेली धून होती. ती सुरू झाली की दुसऱ्या वृंदातले लोक डाव्या पायऱ्यांनी एकेक करून वर चढायचे. जाणारा येणाऱ्याकडे बघून हनुवटी खाली करायचा, की येणारा त्याच सुरात शिरायचा आणि जाणारा मागच्या दारानं चहा-सिगरेटला. पाच मिनिटांत अख्खा वृंद बदललेला असायचा आणि नाचणाऱ्याला पत्ता नसायचा. शिगेओ आणि कुरातानं हे एकोणीस वर्षं, रोज रात्री चार वेळा केलं होतं.

आणि मग बोलणं बंद. का, तर कॅबरे बंद झाली त्या दिवशीच्या निरोपाच्या जेवणात कुराता सगळ्यांसमोर म्हणाला, "इसोबेची गिटार म्हणजे पांढरा भात." यात काय वाईट, हे कियोएला कधीच कळलं नव्हतं. पण शिगेओ महिनाभर भात गिळताना तोंड वाकडं करत होता. नंतर शिगेओचं हॉटेलातलं काम कुराताला मिळालं आणि विषयच संपला.

"तो कशाला आलाय?" तिच्या मागून शिगेओचा आवाज आला.

"मी नाही बोलावलं."

"भात खायला आला असेल," असं म्हणून तो पडदा सारून बाहेर गेला.

*

पहिला तास बरा गेला. बरा म्हणजे कियोएनं त्या तासात चारदा गॅस चालू केला आणि चारदा बंद केला. खलाशांच्या क्लबातल्या वेगवान धुना त्यानं जुन्या पोकळ गिटारवर वाजवल्या आणि ती स्टँडवर ठेवून दुसरी घेतली. प्रत्येक धुनेआधी तो दोनच वाक्यं बोलायचा. "ही एका बाईच्या मागे वाजवायचो. ती फार मोठा श्वास घ्यायची." लोक हसायचे. कियोए हसत नव्हती. ती धुना ऐकतच नव्हती, नुसती मोजत होती. आठ झाल्या. नऊ. आणखी दोन उरल्या.

दहावी बदलीची धून होती. ती कार्यक्रमात आहे हे तिला माहीतच नव्हतं. घरी त्यानं ती कधी वाजवली नव्हती. धून साधी होती, गोल गोल फिरणारी, संपायचं नाव न घेणारी. फटीतून तिला त्याची पाठ आणि डावी कोपर दिसत होती. तिसऱ्या फेरीला कोपर ताठ झाली.

अडकलं.

तिला टक् ऐकू आलं नाही; बोट ओढायला उजवा हात मोकळा नव्हता. वाकलेलं बोट बाकीच्या तिघांच्या आड आलं. सूर पातळ झाला. साथीला बास गिटार वाजवणाऱ्या मुलानं मान वर केली. आणि शिगेओनं डावीकडे बघितलं, एकोणीस वर्षं जिथं पायऱ्या होत्या तिकडे, आणि हनुवटी खाली केली.

मिठाईचा खोका जमिनीवर पडला. कुराता उठला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरून उठणारा, पण त्या वेळी दोन ढांगांत मंचावर होता. त्यानं स्टँडवरची पोकळ गिटार उचलली आणि त्याच सुरात शिरला. एक ठोका चुकला नाही. टाळ्याही पडल्या नाहीत, कारण लोकांना वाटलं हे आधीच ठरलेलं असणार.

पुढं जे झालं ते त्या दोघांनाच सुचू शकलं असतं. शिगेओनं आपली गिटार शांतपणे खाली ठेवली, मागे वळला आणि पडदा सारून स्वयंपाकघरात आला. खिसे चाचपले. सिगरेट सोडून बावीस वर्षं झाली होती.

"चहा आहे?" तो म्हणाला.

कियोए त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो."

"बदली झाली."

"अहो, कसली बदली! हा तुमचा कार्यक्रम आहे! चित्रण चाललंय तिकडे!"

तेव्हा कुठं त्याचा चेहरा बदलला. झोपेत चालणाऱ्याला जागं करावं तसा तो पडद्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे बघायला लागला. "मी... उतरून आलो?"

"हात द्या इकडे."

किटलीतलं गरम पाणी थंड पाण्यात ओतून तिनं त्याचा हात त्यात दाबला आणि बोट धरून ओढलं. टक्. तो कळवळला. बाहेर कुराता तीच धून फिरवत होता, पाचवी फेरी, सहावी. संपवत नव्हता. नियमानं त्याला संपवता येत नव्हतं.

"आता कसा जाऊ? त्यानं घेतलीय."

"जाऊन परत घ्या!" तिनं त्याच्या पाठीवर ओल्या हातानं धपाटा घातला. "जा परत! जा म्हणते ना!"

तो गेला. फटीतून तिनं पाहिलं. शिगेओ गिटार गळ्यात घालून उभा राहिला, कुरातानं त्याच्याकडे बघितलं आणि हनुवटी खाली केली. मग खाली उतरून खुर्चीखालचा मिठाईचा खोका शोधू लागला.

शेवटची धून शिगेओनं कशी वाजवली ते कियोएला कळलं नाही. ती मोरीपाशी पाठ करून उभी होती.

*

"टाकून दे ते," शिगेओ म्हणाला.

तीन दिवसांनी ते दोघं चिनात्सुच्या खोलीत तिच्या पडद्यासमोर बसले होते.

"काका, सगळं?"

"अट काय होती? एकदाच, माझ्या हातानं, पूर्ण. मध्ये चार मिनिटं दुसराच माणूस बसलाय. याला काय माझं म्हणायचं?"

कियोएच्या हातातली पर्स मांडीवरून घसरली. चार मिनिटांसाठी अख्खं जाणार. दहा दिवसांतले सात उरले होते.

"बरं, तेवढंच कापते," चिनात्सु म्हणाली. "कुठून कापू ते सांगा. डोळे मिटा, चित्र बघू नका. सूर बदलला की हात वर करा."

धून सुरू झाली. शिगेओनं डोळे मिटले. फिरली, फिरली. त्यानं हात वर केला.

"आठ सेकंद उशीर. कुराता-सान केव्हाच आलेत."

"परत लाव."

दुसऱ्यांदा तो घाईनं हात वर करून चुकला. तिसऱ्यांदा त्यानं हात वर केलाच नाही. पण कियोएनं केला. अगदी बरोबर जागी.

"काकू!" चिनात्सु ओरडली. "कसं काय?"

"हे थोडे मागून येतात," कियोए म्हणाली. "घरी जेवायलाही असेच येतात, हाक मारल्यावर जरा वेळानं. तो कुराता वेळेवर येतो." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी काय करायचात ते मला पंचेचाळीस वर्षांनी आज दिसलं. ते टाकायचं नाही. मी टाकू देणार नाही."

शिगेओ डाव्या हाताचं बोट उजव्या हातानं चोळत राहिला. पडद्यावर कुराता एकटाच मान खाली घालून धून फिरवत होता, आणि तेवढ्यात सुरांच्या वरून, लांबून पण स्पष्ट, एका बाईचा आवाज आला: जा परत! जा म्हणते ना!

चिनात्सुनं तोंडावर हात दाबला.

"हे तरी काप," शिगेओ म्हणाला. त्याच्या गालाची शीर हलली.

"मुळीच नाही. ते माझं आहे," कियोए म्हणाली.

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शिगेओनं खिसे चाचपले, काही सापडलं नाही, हात परत मांडीवर ठेवले.

चिनात्सुनं तबकडीच्या वेष्टनासाठी कोरा कागद पुढं सरकवला. कियोएचं अक्षर चांगलं होतं. तिनं तारीख घातली, 'चिदोरी' लिहिलं, मग ठळक अक्षरांत शिगेओ इसोबे, गिटार.

"खाली त्याचं लिही," शिगेओ खिडकीकडे बघत म्हणाला. "बारीक."

"किती बारीक?"

त्यानं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून अंतर मोजलं.

"वाचता येईल इतकं," तो म्हणाला. "आणि माशांचा एक डबा राहिलाय का? न मोडलेला?"