वर आलं की उतरते

आमच्या ह्यांनी दारूला कधी हात लावला नाही, पण झिंगायला माणूस पहिला. कसा, ते सांगते.

तेव्हा, ऐंशीच्या दशकात, मुंबईपलीकडे भर समुद्रात तेलाच्या विहिरी झाल्या होत्या आणि तिथले पाइप बघायला पाणबुडे लागायचे. आमचे हे रत्नागिरीच्या बंदरात वाढलेले, लाँचच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला दम धरून बुडी मारणारे. एका ठेकेदारानं शिकवून तयार केलं आणि तिकडे नेलं. पावसाळ्यात घरी आले की रंगवून सांगायचे, "अगो, खोल गेलं की हवेतला नायट्रोजन डोक्यात चढतो. मग काय, आनंदच आनंद! मासा बघून पण हसायला येतं." मी म्हणायची, "आणि त्या हसण्यात काही भलतंसलतं झालं म्हणजे?" तर म्हणे, "वर आलं की उतरते."

पुढे एका वर्षी फुशारकी बदलली. "आता मला चढतच नाय. सवय झाली." आणि हे सांगताना तोंड बघावं तर सुतकी. मी खाडीच्या चिंबोऱ्यांचं कालवण केलं. पूर्वी त्यावर तुटून पडणारा माणूस. "कसं झालंय?" "बरंय." लेकीनं पहिली पावलं टाकली, तरी "बरंय." भाट्याच्या पुळणीवर फिरायला गेलो, तिथंही "बरंय." माझं डोकं असं फिरलं! तिकडे माशांना हसून दाखवायचं आणि घरच्यांना हे? "समुद्र म्हणजे सवतच आणलीत माझ्यावर," असं मी तोंडावर म्हटलं. त्यावरही ते चिडले नाहीत. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

कानाचं निमित्त करून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पूर्वी नौदलात होते. ते म्हणाले, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो रसायनांच्या हातून. आनंद वाटणं, लक्ष लागणं, हातपाय हलणं, सगळं त्यांच्यावर. दाबाखालचा नायट्रोजन त्यात ढवळाढवळ करतो. वर आलं की बहुतेक सावरतं. पण पुन्हा पुन्हा गेलं तर पुरतं सावरतं का, ते अजून आम्हालाही नीट ठाऊक नाही." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "चढत नाही म्हणजे होत नाही असं नव्हे. तुम्हाला कळायचं बंद झालंय."

हे नुसते हसले. नारळी पौर्णिमा झाली की निघायचं ठरलं होतं. बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

पौर्णिमेला दर्याला नारळ देताना आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्यामागून बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. आमच्या आळीचं गाऱ्हाणं ह्यांच्याच तोंडी. सासऱ्यांकडून आलेलं, झोपेतून उठवलं तरी म्हणतील इतकं पाठ.

"बा दर्या महाराजा, लेकरांच्या होड्या सुखरूप परत आण."

"व्हय महाराजा!"

"वाट चुकल्याला किनारा दाव."

"व्हय महाराजा!"

"वाट चुकल्याला किनारा दाव."

"व्हय महाराजा!"

तिसऱ्यांदा पुन्हा तेच. आणि लोक तेवढ्याच जोरात ओरडतायत, कुणाच्या लक्षातसुद्धा नाही! सवयच ती. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

बायकांनी गाऱ्हाण्यात बोलायचं नसतं. गेलं चुलीत! तेच वाक्य पुन्हा सुरू झालं तशी मी हातातलं ताट शेजारणीकडे कोंबलं आणि पुढे जाऊन ओरडले, "बा महाराजा, ह्या माझ्या माणसाला परत खाली नेऊ नको!"

"व्हय महाराजा!" लोक म्हणून मोकळे झाले आणि मग दचकून माझ्याकडे बघायला लागले.

हे नारळ धरून तसेच उभे. हळूच म्हणाले, "तेच तेच म्हणत होतो काय गो मी?"

"होय."

"मला कळलंच नाय."

त्यांनी नारळ पाण्यात सोडला. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतः कधी "व्हय" म्हणायचं नसतं. पण ते एकटेच म्हणाले, "व्हय महाराजा." म्हणताना रडत होते. हमसून हमसून, पोरासारखे. लोक त्यांना सावरायला धावले आणि मी मात्र दर्याला हात जोडले. कित्येक महिन्यांनी माझ्या नवऱ्याला रडू आलं होतं.